नसलेल्या भावाचा पत्ता

४ जानेवारी

ताई,

तुला मुलगी आहे?

दुसरं काही सुचेना म्हणून हेच आधी लिहिलं. याआधी बरेच कागद फाडले. एकावर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते वाचून माझं मलाच हसू आलं. न सांगता घर सोडून गेलीस, त्याला नऊ वर्षं झाली; आता कसला सप्रेम नि कसला नमस्कार.

काय झालं ते सांगते. पाळी संपवून डेपोत बस लावली, कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसले, तेवढ्यात फोन वाजला. बाईचा आवाज. "एक मिनिट आहे का? बातमी चांगली की वाईट ते तुम्हीच ठरवा," म्हणाली. मला वाटलं विमा विकतेय. ठेवणार तोच तिने विचारलं, "तुमचे भाऊ सध्या कुठे असतात?"

"मला भाऊ नाही."

"असेल हो. सख्खा नसेल तर सावत्र, चुलत. जरा आठवून बघा."

"भाऊ म्हणजे काय छत्री आहे का बाई, कुठेतरी विसरून यायला?"

ती हसली नाही. म्हणाली, "मी मुलांच्या कार्यालयातून बोलतेय. ज्या मुलांना घरचं कोणी उरलं नाही म्हणून दुसऱ्यांच्या घरी ठेवलंय, त्यांची माणसं शोधायचं माझं काम. तुमच्या थोरल्या बहिणीची मुलगी आमच्याकडे आहे. सात वर्षांची. ती रोज मामाची वाट बघते. त्या मामाला शोधता शोधता मी तुमच्यापर्यंत येऊन पोचले."

मी "राँग नंबर" म्हटलं आणि ठेवून दिला. हल्ली काय काय सांगून लोक फसवतात.

पुन्हा वाजला. "तुमच्या बहिणीच्या डाव्या भुवईत खोकेचा व्रण आहे ना?" झोपाळ्याची फळी लागली होती तुला, ते फसवणाऱ्या बाईला कुठून माहीत असणार?

"ती आहे ना?" मी विचारलं. मला काय विचारायचं होतं ते तिला बरोबर कळलं.

"आहेत."

"कुठे?"

"ते सांगायची मला मुभा नाही. पण पत्र दिलंत तर मी पोचतं करीन."

म्हणून हे लिहितेय. आईला काही बोललेले नाही. काय सांगू? मलाच धड काही कळलेलं नाही.

तुझी गुंडी
(म्हणजे मी. आता तर कुणीच या नावाने हाक मारत नाही.)

१२ जानेवारी

ताई,

काल त्यांच्या कार्यालयात जाऊन आले. दोन जिने चढून एक लांबडी खोली. खिडकीत सुकलेली कुंडी, आणि तिच्यातली माती अजून कुणीतरी इमानेइतबारे ओली ठेवतंय. त्या बाईला मी मनातल्या मनात 'शोधबाई' म्हणते, तुलाही तसंच सांगते. पन्नाशीची असेल. एका चपलेचा अंगठा तुटलाय, तिथे सेफ्टी पिन. चहा समोर ठेवते आणि पार निवला की पिते.

तिने टेबलावर हा एवढा मोठा कागद पसरला. मध्ये एक गोल, त्यात मुलीचं नाव. वर गोल, तू. तुझ्या शेजारचा गोल रिकामा. तिथे बाप हवा. "वारला, ती पोटात असतानाच. रस्त्यावरचा अपघात," शोधबाई म्हणाली. तू लग्न केलंस हे मला असं कळलं, एका रिकाम्या गोलावरून. त्याच्या बाजूचं कुणी सापडलंच नाही म्हणे. तोही अनाथच होता.

मग तिने पेन्सिल घेतली आणि मला उलटंसुलटं विचारायला लागली. आत्या? काका? आईची मावसबहीण? मी म्हटलं, "अहो, असं खणत बसलात तर आत्याच्या नणंदेची सूनही निघेल."

"चालेल की," म्हणाली आणि खरंच लिहायला सरसावली.

तिच्या कामाची गंमत वाटली मला. आपलं जुनं घर पाडलंय, तिथे आता वाहनतळ झालाय, तर ही त्या वाहनतळावरच्या राखणदाराला भेटली. त्याने कोपऱ्यावरचा न्हावी दाखवला. न्हाव्याला बाबांचं टक्कल आठवत होतं. त्याने सांगितलं, धाकटी बस चालवते. मग ही एकेका डेपोत फोन करत सुटली. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर मला 'भाऊ कुठे' म्हणून विचारायला.

"मुलगी सांगते ना," ती म्हणाली. "तुमची बहीण अजून कुणाशीच काही बोलत नाही, पण ही मामा येईल, मामाला माझा पत्ता द्या, असं पहिल्या दिवसापासून घोकतेय. एवढ्या लहान मुली मामा काही हवेतून काढत नाहीत."

मुलगी दुसऱ्याच कुणाच्या घरी आहे. शोधबाई त्याला 'सांभाळघर' म्हणते. एक काकू आहेत, त्यांची स्वतःची मुलं मोठी होऊन गेली, आता अशी मुलं ठेवून घेतात. पण उन्हाळ्यात त्या आपल्या लेकाकडे कायमच्या जाणार आहेत. म्हणजे मुलीला पुन्हा तिसरं घर.

मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "माझ्यावर भिस्त ठेवू नका. मी एकटी, आई म्हातारी, माझी पाळी पहाटेची."

"मी कुठे काय मागितलं?" शोधबाई म्हणाली.

खरंच, तिने काहीच मागितलं नव्हतं.

घरी येऊन आईला आडून विचारलं, बाबांचं दुसरीकडे कुठे काही होतं का. म्हणजे मुलगा वगैरे. आईने चष्म्यावरून बघितलं. "तुझ्या बापाला एका बायकोशी धड दोन वाक्यं बोलता यायची नाहीत, तो दुसरा संसार कधी मांडणार?" आणि मग, "का गं? कोण आलंय?"

मी म्हटलं, कोणी नाही.

ताई, आपल्याला भाऊ आहे का? हसू नकोस. मला आता कशाचीच खात्री वाटेनाशी झालीय.

गुंडी

२१ जानेवारी

ताई,

बघितलं तिला.

तिथे सगळे बिट्टी म्हणतात. तूच ठेवलंस का ते नाव? नाक तुझं नाही, रंग तुझा नाही. मी आपली शोधतेय, यातली ताई कुठली म्हणून. मग ती दाराला टेकून एका पायावर उभी राहिली, दुसरं पाऊल गुडघ्यावर ठेवून, बगळ्यासारखी. सापडलीस तू. बाबा ओरडायचे ना तुला, "दोन पाय दिलेत देवाने, दोन्ही वापर."

काकूंनी आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं आणि स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहिल्या. ऐकू यावं एवढ्या जवळ, दिसू नये एवढ्या लांब. भली बाई आहे.

मी म्हटलं, "मी तुझी मावशी."

"मला मावशी नाही," बिट्टी म्हणाली.

"आहे ना. मी तुझ्या आईची धाकटी बहीण."

"आईला बहीण नाहीये. मी विचारलं होतं. ती म्हणाली, नाही."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. चुकीचा थांबा विचारणाऱ्या उतारूला आम्ही सांगतो ना, 'ही बस तिकडे नाही जात', तशा सुरात बोलली.

मग तिनेच विचारलं, "मामा कधी येणार?"

"कोण मामा, बाळा? त्याचं नाव काय?"

"मामा."

"दिसतो कसा?"

"मामासारखा."

शोधबाईने महिनोन् महिने काय भोगलं असेल याची कल्पना आली. सगळं विचारून झालं तेव्हा एवढं हाती लागलं: मामाचे हात खरखरीत आहेत. मामा येतो तेव्हा आई हसते. मामाच्या पिशवीत पांढरी पट्टी असते. "ती गुंडाळली की गळायचं थांबतं."

"काय गळायचं?"

"जे गळत असेल ते," म्हणाली. मला काही कळत नाही याचा तिला कंटाळा आला होता.

शोधबाईचं म्हणणं, तो दवाखान्यात मलमपट्टी करणारा असणार. तिने सगळे दवाखाने पालथे घातलेत.

ताई, आज पहाटेच्या फेरीत मी एक थांबा चक्क विसरले. उतारू बोंबलले. तू तिला सांगितलंस, बहीण नाही. ठीक. माणसं तोडली म्हणून समजून घेतलं असतं. पण तू नुसती तोडली नाहीस. माझ्या जागी दुसरं कुणीतरी आणून बसवलंस. असं का केलंस?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल असं लिहिणार होते. चालणार नाही.

गुंडी

३ फेब्रुवारी

ताई,

मामा सापडला!

आज डेपोत आमच्या धुलाईच्या शेडमधली पाण्याची लाईन गळत होती. मिस्त्री खाली बसून काम करत होता आणि मी बस धुऊन व्हायची वाट बघत उभी. त्याने खिशातून एक गुंडाळी काढली, पांढरी, आणि पाईपच्या आट्यांवर फिरवायला लागला. टेफलॉनची पट्टी. आटे घट्ट बसले, गळायचं थांबलं.

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की त्याच्या हातातला पाना पडला.

शोधबाईला तिथूनच फोन लावला. "दवाखाने सोडा. नळ दुरुस्त करणारा शोधा!" मग ती म्हणाली, "मी मूर्ख आहे." मी म्हटलं, आपण दोघीही.

तू राहायचीस त्या गल्लीच्या तोंडाशी नळ-पाईपांचं दुकान आहे म्हणे. तिथे तिने नुसतं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "तो? तो तर गेलं वर्षभर एका लहान मुलीला शोधतोय. तुमच्याच कार्यालयात खेटे घालतो."

आणि खरंच. खाली तळमजल्यावरच्या खिडकीत त्याने किती वेळा अर्ज दिलाय. दर वेळी विचारलं, 'मुलीशी नातं?' आणि हा भला माणूस खरं सांगत राहिला, 'नातं काही नाही.' नातं नाही म्हटल्यावर अर्ज वरच्या मजल्यावर जातच नाही. खाली तो मुलीला शोधतोय, वर ही त्याला शोधतेय, मध्ये दोन जिने.

बिट्टीला अजून सांगितलेलं नाही. आधी त्याची चौकशी होईल. ते बरोबरच आहे. पण मी आपली उगाच दिवसभर गाणं गुणगुणतेय.

हो, आणि पहाटेची पाळी सोडून दिवसाची मागितलीय. अंधारात डोळ्यांना त्रास होतो हल्ली.

गुंडी

१७ फेब्रुवारी

ताई,

त्याला भेटले. गाणंबिणं संपलं.

शोधबाईच्याच खोलीत बसलो होतो. उंच, वाकलेला, माझ्यापेक्षा थोडा मोठा. हात धुऊन आला होता, तरी नखांत काळं. मी सरळ विचारलं. पोटात ठेवून काय करायचंय? "बिट्टीचे वडील तुम्ही का?"

तो इतका दचकला की शोधबाईनेच पाण्याचा पेला पुढे केला.

"नाही हो ताई," म्हणाला. मला ताई म्हणाला! "मी नळ दुरुस्त करायला गेलो होतो. वहिनी पोटुशी होत्या, एकट्याच. बादलीखाली बादली लावून बसलेल्या. दुरुस्त केला. त्या म्हणाल्या, थांबा, जेवून जा. एवढ्या गोडीने मला कुणी 'जेवून जा' म्हटलं नव्हतं. पुढे मूल झालं तेव्हा दवाखान्यातून घरी आणायला कुणी नव्हतं, तर मी गेलो. घरी आल्यावर वहिनींनी बाळ माझ्या हातात दिलं नि त्याला सांगितलं, हा बघ तुझा मामा. मला विचारलंसुद्धा नाही. बाळाला मामा हवा असतो, म्हणाल्या. मग झालो मामा."

तू आजारी पडलीस ते त्याने सांगितलं. कसला आजार ते नीट नाही सांगितलं. दिवसचे दिवस उठायचीच नाहीस, कधी स्वयंपाकघरात नुसती भिंतीकडे बघत बसायचीस, म्हणाला. तो येऊन भात टाकून जायचा. मग त्याला लांबच्या गावी एका इमारतीचं काम मिळालं. परत आला तर दाराला कुलूप. तू कुठेतरी उपचाराला, मुलगी कुठे कुणालाच माहीत नाही.

"मी गेलो नसतो तर," एवढं म्हणाला आणि पेला फिरवत बसला.

ताई, मला त्याचा राग यायला हवा की मी त्याच्या पाया पडायला हवं? माझ्या बहिणीचं बाळंतपण एका नळवाल्याने निभावलं आणि मी तेव्हा सात नंबरच्या बसवर लोकांना 'पुढे सरका' म्हणत होते. मला कुणी बोलावलंच नाही. कळवलं असतंस तर बस तिथेच सोडून आले असते. नक्की आले असते. असं मला वाटतं.

नंतर बिट्टीला आणलं. तिने त्याला बघितलं. धावलीबिवली नाही. जवळ गेली, त्याच्या पिशवीत हात घातला, पट्टी आहे का ते चाचपलं, आणि मग म्हणाली, "किती उशीर केलास."

मी बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले. शोधबाई मागोमाग आली. मी म्हटलं, "झालं. मिळाला मामा. द्या मुलगी त्याला."

"कायद्याने तो कोणी नाही," ती म्हणाली. "कायद्याने तुम्ही आहात."

"आणि मुलीच्या लेखी मी कोणी नाही."

"तेच ना," म्हणाली आणि तिथेच पायरीवर बसली. "इतकी वर्षं हे काम करतेय. माणसं सापडेपर्यंत सगळं सोपं असतं बघा."

गुंडी

१ मार्च

ताई,

आईला सांगितलं. सांगावंच लागलं, कारण घरात छोटा पलंग आला. दुकानात सवलतीत होता म्हणून घेतला. पाहुणे आले तर असावा.

"पाहुणे काय बुटके येणार आहेत?" आईने विचारलं.

मग सगळं सांगितलं. ती काही रडली नाही. हातातली पत्त्यांची कॅट पिसत राहिली. हल्ली दिवसभर एकटीच पत्ते लावते. एक पान लावून म्हणाली, "ती आली होती."

"कोण?"

"थोरली. तू गाडी शिकायला जायचीस तेव्हा. पोट दिसत होतं. फाटकापाशी उभी राहिली आणि गेली. आत आलीच नाही."

मी रात्रभर विचार करत होते. सकाळी पुन्हा विचारलं, तर म्हणे, "आत आली होती की. चहा घेतला. मी म्हटलं, धाकटीची आत्ता कुठे नोकरी लागतेय, तिच्या डोक्याला ताप नको देऊस. तर म्हणाली, बरं." आणि काल तिसरंच: "कोण आलं होतं? कुणीही आलेलं नाही. तू स्वप्नं बघतेस."

मी डोक्याला हात लावला. ती खोटं बोलतेय, विसरतेय, की मला वाचवतेय? तिच्या तोंडाकडे बघून काहीच कळत नाही. तीन आया झाल्यात मला, आणि तिघी एकाच खुर्चीत बसून पत्ते लावतात.

दुसरं खरं असेल तर तू मला नाकारलंस ते माझ्याच भल्यासाठी. पहिलं खरं असेल तर कुणीच काही बोललं नाही आणि आपण नुसत्याच हरवलो. तिसरं खरं असेल तर मला काही समजत नाही, आणि मग मी आहे तिथेच आहे.

रविवारी बिट्टी घरी आली होती, काकूंबरोबर. आईने तिला बसवून पत्ते शिकवले. दोन डावांत आईने लबाडी केली. तिसऱ्यात बिट्टीने पकडली. "आजी, तू पान खाली लपवलंस." आई म्हणाली, "मोठ्यांना असं बोलू नये." बिट्टी म्हणाली, "मोठ्यांनी असं करू नये." आई एवढी हसली की तिला ठसका लागला. तू गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

मला मात्र बिट्टी अजून 'अहो' म्हणते. "अहो, पाणी देता?" जसं काही मी कंडक्टर आहे.

गुंडी

२३ मार्च

ताई,

काल समितीसमोर सुनावणी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, मधली बाई अध्यक्ष. अलीकडे मी, काकू, शोधबाई. नळवाला पार शेवटच्या खुर्चीत, टोकावर टेकून, उठवलं तर लगेच उठता यावं असा.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "मुलीला ठेवून घ्यायची तुमची तयारी आहे?"

मी घरून ठरवून गेले होते. काय ठरवलं होतं ते ऐक. मी सांगणार होते की मुलगी मामाला द्या, माझी हरकत नाही, लागेल तिथे सही करते. मला वाटत होतं हेच मोठेपणाचं. तोंड उघडलं आणि "हो" निघालं. मलाच ऐकून आश्चर्य वाटलं. शोधबाईने वळून बघितलं, जणू तिला आधीपासून ठाऊक होतं.

मग त्याला विचारलं, "तुमचं नातं?"

हा उभा राहिला आणि म्हणाला, "नळ दुरुस्त करायला गेलो होतो."

तिघंही हसले. वाईट नव्हते ते लोक, पण हसले. त्याचे कान लाल झाले. माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. गाडीला कुणी वाकडं घासून गेलं की सटकतं ना, तसं.

"लिहा, माझा भाऊ," मी म्हटलं.

"सख्खा?"

"नाही."

"चुलत, मावस, सावत्र?"

"मानलेला. माझ्या बहिणीने मानलाय. माझं काही त्यात चाललं नाही, पण तिने मानला म्हणजे मलाही मानावाच लागणार. आमच्याकडे थोरलीचं ऐकतात."

लिहिणारा कारकून गोंधळला. "असा रकानाच नाही."

"मग समासात लिहा. मुलगी माझ्याकडे द्यायची असेल तर त्याला सोडून देऊ नका. मी संध्याकाळपर्यंत गाडीवर असते. शाळेतून कोण आणणार तिला? आणि ती मला अजून 'अहो' म्हणते. घरात तिला 'अरे' म्हणायला एक तरी माणूस हवा की नको?"

एवढं मोठं भाषण मी आयुष्यात केलेलं नाही.

अध्यक्षबाईंनी बिट्टीला आत बोलावून वेगळं विचारलं. काय बोलली ते सांगत नाहीत. बाहेर आली तेव्हा तिने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काकूंच्या पदरात तोंड खुपसून खूप रडली. काकूंसाठी रडत होती. आम्ही दोघं नातेवाईक बाजूला खांबासारखे उभे. तिला काकूंचं घर सोडावं लागणार होतं, आणि आम्हाला कुणालाच तोवर ते सुचलं नव्हतं.

निकाल असा: बिट्टी माझ्याकडे, सहा महिने बघणार. त्याला 'कुटुंबाचा माणूस' म्हणून शाळेत नेण्याआणण्याची, घरी येण्याची परवानगी. शोधबाई मधूनमधून येऊन जाणार.

जाता जाता ती म्हणाली, "तुमची पत्रं पोचतात. त्या वाचतात. लिहवत नाही म्हणाल्या, एवढंच."

लिहवत नाही तर नको लिहूस. वाचतेस हे पुष्कळ झालं.

गुंडी

१९ एप्रिल

ताई,

मधे इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. पत्र लिहायला बसले की कुणीतरी हाक मारतं. या घरात एवढ्या हाका कधी नव्हत्या.

पहिले दिवस वाईट गेले. जेवायची नाही. बोलायची नाही. छोट्या पलंगावर न झोपता खाली झोपायची, चपला उशाशी घेऊन. मी शोधबाईला फोन करून म्हटलं, चूक झाली, परत घेऊन जा. म्हणजे असं म्हटलं नाही, पण फोन त्यासाठीच केला होता. ती म्हणाली, "चपला उशाशी आहेत ना? पायात नाहीत ना? मग जेवायला बसा तुम्ही."

मामा रोज येतो. शाळेतून आणतो, तिला आईजवळ बसवतो, आईशी एक डाव खेळतो, हरतो. माझी नि त्याची अजून नीट ओळख नाही. दोन अनोळखी माणसं एका घरात एकमेकांना 'चहा घेणार?' विचारत फिरतो. परवा बिट्टी म्हणाली, "तू आईची बहीण. मामा आईचा भाऊ. मग तू मामाची कोण?"

मला 'अहो'वरून 'तू' कधी केलं ते माझ्या लक्षातच आलं नाही. तिच्याही नसेल.

"बहीण," मी म्हटलं.

"मग तुम्ही भांडत का नाही?"

मामा म्हणाला, "सुरुवात करू का?" आणि माझ्या कपातला चहा पिऊन टाकला.

ताई, तुला भेटायची परवानगी मिळालीय. मी येणार आहे, येत्या सुटीला. बिट्टी म्हणते, आधी मावशीने जाऊन आई कशी आहे ते बघून यावं, मग ती ठरवणार. मी तुला काहीच विचारणार नाही. खूप विचारायचंय, पण विचारणार नाही. असं आज ठरवलंय, तिथे आल्यावर काय होईल देव जाणे.

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. शाळेला अर्धी सुटी होती, मामा कामात अडकला, म्हणून तिला माझ्याच गाडीवर घेतलं. माझ्या पाठीमागच्या आसनावर बसवली. थोडा वेळ शहाण्यासारखी बसली, मग थांबे ओरडून सांगायला लागली. अर्धे चुकीचे. एक आजोबा तिच्या भरवशावर उतरले आणि पुन्हा चढले. शेवटच्या फेरीत गप्प झाली. आरशात बघितलं तर खांबाला गाल लावून झोपलेली, एक पाय वर घेतलेला.

एक उतारू दारापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुमची मुलगी का?"

मी म्हटलं, "हो." मग म्हटलं, "नाही, म्हणजे बहिणीची. बहीण आहे, पण सध्या इथे नाही. मी मावशी. तसे तिला मामाही आहेत, ते आमचे सख्खे नव्हेत, पण..." थांबा आला. दार उघडलं, तो "बरं बरं" म्हणत उतरून गेला. दार लागलं, मी गाडी काढली, सिग्नल ओलांडला, आणि तरी मी त्या माणसाला आपलं मोठ्याने समजावूनच सांगत होते, ही आमची कोण लागते ते.

तुझी गुंडी